‘ओन्ली’ कुठं ठेवायचं? भाचीसाठी कानमंत्र

अगं, वेरूळ-अजिंठ्याला पाहुणे घेऊन जायला लागलीस, फार बरं वाटलं बघ. इंग्रजी तुझं छानच आहे. एवढा ‘ओन्ली’ तेवढा जागेवर ठेवायला शीक. आपला ‘च’ शब्दाला मागून चिकटतो, ‘ओन्ली’ मात्र आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या दरवाजांवरल्या पहारेकऱ्यासारखा पुढं उभा राहतो. पहारा जिथं, अडवणूक तिथं!

1. ज्याला अडवायचं, त्याच्या अगदी आधी ‘ओन्ली’ ठेव — ‘ओन्ली अजिंठा इज क्लोज्ड ऑन मंडे’ म्हटलंस तर वेरूळ उघडं असतं, आणि ‘अजिंठा इज क्लोज्ड ओन्ली ऑन मंडे’ म्हटलंस तर अजिंठा बाकीचे दिवस उघडा. दोन्ही खरं, पण पाहुण्याचा बेत त्यावर ठरतो. आणि वेरूळ मंगळवारी बंद, हेही त्याच दमात सांगून टाक.

2. अजिंठ्याजवळच्या फर्दापूरच्या टी-पॉइंटला ‘ओन्ली बसेस गो टू द केव्ह्ज’ असंच म्हण — म्हणजे आपली गाडी इथंच ठेवायची, हे कळतं. ‘बसेस गो ओन्ली टू द केव्ह्ज’ म्हटलंस तर बस दुसरीकडं कुठं जात नाही, एवढंच कळेल.

3. ‘आय लिव्ह हिअर ओन्ली’ घरात, मैत्रिणींत खुशाल बोल. परक्या पाहुण्याला ‘राइट हिअर’ म्हण — आपल्या मराठीतलं ‘इथंच’ आणि इथल्या दखनीतलं ‘इधरीच’ जोर देतं, त्याच्या कानाला मात्र ‘ओन्ली’ मर्यादा घालतं.

4. ‘यस्टर्डे ओन्ली’ऐवजी ‘जस्ट यस्टर्डे’ म्हण — ‘कालच’ मधला ताजेपणा त्यातच येतो.

5. ‘द ओन्ली’ म्हणण्याआधी मोजून घे — वेरूळच्या 12 बौद्ध लेण्यांत 10 क्रमांकाचं एकच चैत्यगृह आहे, म्हणून तिथं ‘द ओन्ली चैत्य’ शोभतं. अजिंठ्यात तसं म्हटलंस तर पुढच्याच चैत्यापाशी पाहुणा विचारील.

6. घडून गेलेल्या गोष्टीच्या सालापुढं ‘ओन्ली’ आला की ‘त्याआधी नाही’ असा अर्थ होतो, म्हणून जपून — ‘अजिंठा वॉज फाउंड ओन्ली इन 1819’ म्हटलं की इंग्रज अधिकारी जॉन स्मिथच्या आधी तिथं कुणी पाऊलच टाकलं नव्हतं, असं वाटतं. आसपासच्या गावकऱ्यांना लेणी ठाऊक होती, हे आवर्जून सांग.

7. ‘इफ ओन्ली’ आणि ‘ओन्ली इफ’ उलटे करू नकोस — पहिल्यात हळहळ आहे, ‘लवकर निघालो असतो तर!’, दुसऱ्यात अट आहे, ‘लवकर निघालात तरच’. हळहळीला अट लागत नाही, अटीला हळहळ चालत नाही.

8. अंतरापुढं ‘ओन्ली’ लावू नकोस — अजिंठा आपल्या शहरापासून सुमारे 100 किलोमीटर; ‘ओन्ली हंड्रेड’ ऐकून पाहुणा नाश्ता न करताच गाडीत बसतो.

9. माणसापुढं तर कधीच नाही. ‘ही इज ओन्ली द ड्रायव्हर’ तोंडातून जाऊ देऊ नकोस — सगळ्यांना सुखरूप आणणाऱ्याला एका शब्दानं खाली बसवू नये. शब्द लहान, मान मोठा.

10. चेकवर मात्र रक्कम अक्षरी लिहून शेवटी ‘ओन्ली’ लिहायचाच, आणि उरलेल्या जागेत रेघ मारायची — तिथं तो मागंच शोभतो, म्हणजे पुढं कुणाला आकडा वाढवता येत नाही.

11. मेसेज पाठवण्याआधी ‘ओन्ली’च्या पुढच्या शब्दावर बोट ठेव आणि मनात ‘दुसरं नाही’ म्हण — ‘ओन्ली ऑन मंडे, दुसऱ्या दिवशी नाही’ असं जुळलं तर पाठव, नाही जुळलं तर ‘ओन्ली’ उचलून योग्य शब्दापाशी ने. जागेवरचा शब्द, वेळेवरचा पाहुणा!