कण्यातील मेदाचा भार

उत्तरेकडील पंचांगाच्या वैशाखात, म्हणजे आपल्याकडील चैत्र वद्य पक्षात, उज्जैन येथे पंचक्रोशी यात्रा भरते. नागचंद्रेश्वराचे दर्शन घेऊन निघालेले भाविक ऐन उन्हात सुमारे ११८ किलोमीटरचे अंतर पायी आक्रमितात. अशा वाटचालीत एखाद्या यात्रेकरूचे पाय थोड्या अंतरावरच जड होतात. वाकून बसताच बरे वाटते आणि चालू लागताच तोच त्रास पुन्हा सुरू होतो. ‘वय झाले’ असे म्हणून त्याकडे दुर्लक्ष केले जाते. तथापि या त्रासाचे मूळ पायांत नसून कमरेच्या कण्यात असू शकते. कण्याच्या नलिकेत साठलेला अतिरिक्त मेद हे त्याचे एक कारण होय.

विकृतीचे स्वरूप

मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या सुमारास संपतो. त्याखाली पाय, मूत्राशय व गुदद्वार यांकडे जाणाऱ्या मज्जातंतूंचा जुडगा असतो. त्याच्या आवरणाबाहेर थोडा मेद स्वाभाविकपणेच असतो. हा थर साधारणतः ७ मिलिमीटरहून जाड झाल्यास मज्जातंतू दाबले जाऊ शकतात. या विकृतीस ‘एपिड्युरल लायपोमॅटोसिस’ म्हणतात. मूत्रपिंडरोपणानंतर स्टेरॉइड औषधे घेणाऱ्या एका रुग्णात ती आढळल्याची नोंद १९७५ साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली.

कारणे व निदान

दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड औषधे व स्थूलता ही प्रमुख कारणे होत. शरीरातच स्टेरॉइडची अतिरिक्त निर्मिती होणे हेही एक कारण असून काही रुग्णांत कोणतेच कारण सापडत नाही. दमा अगर सांधेदुखीवर विकल्या जाणाऱ्या, घटक न लिहिलेल्या पुड्यांतही स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे. साध्या क्ष-किरण चित्रात हा मेद दिसत नाही. एमआरआय तपासणीत तो स्पष्ट दिसतो.

उपचार व दक्षता

वजन घटविल्यास नलिकेतील मेदही कमी होऊ शकतो व अनेकांस शस्त्रक्रियेवाचून आराम पडतो. स्टेरॉइड औषधे मात्र रुग्णाने स्वतः होऊन एकाएकी बंद करू नयेत. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिल्याने शरीराची स्वतःची निर्मिती मंदावलेली असते. ती औषधे अचानक थांबविल्यास प्राणावर बेतू शकते. मात्रा वैद्यांच्या देखरेखीखालीच हळूहळू कमी करावी. दाब तीव्र असल्यास मणक्याच्या मागील हाडाचा भाग काढून मज्जातंतू मोकळे करावे लागतात.

लघवी तुंबणे अगर नकळत होणे, शौचावरील ताबा जाणे, जांघेत बधिरता येणे किंवा पायातील शक्ती झपाट्याने जाणे, यांपैकी एकही लक्षण दिसताच रुग्णास तत्काळ मोठ्या रुग्णालयात न्यावे. येथे काही तासांचा विलंबही कायमचे अपंगत्व आणू शकतो. चालताना वारंवार बसावे लागणे हा वार्धक्याचा अटळ भाग न मानता वेळीच तपासणी करून घेणे, यातच शहाणपण आहे.