फॉर्म परत का येतो

गिरगाव

चि. चिऊ,


तुझा मेसेज वाचला. फोनवर हे नीट सांगता येणार नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. लालबागच्या मदत केंद्रात गिरणी कामगारांचे वारस येतात, तू लिहिलेल्या फॉर्मात माहिती भरतात, ‘सबमिट’ दाबतात आणि समोर पुन्हा कोरा फॉर्म येतो. तुझ्या लॅपटॉपवर मात्र सगळं सुरळीत चालतं. तू रात्रभर कोड इकडचा तिकडे केलास. आता तो जरा बाजूला ठेव. फॉर्म कुठे जातो आणि कुठून परत येतो, ते आधी डोळ्यांनी बघ.

केंद्रातलाच एखादा फोन केबलने लॅपटॉपला जोड आणि क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्कचा टॅब उघड. ‘प्रिझर्व्ह लॉग’वर टिक केल्याशिवाय सबमिट दाबू नकोस. नाहीतर पान बदलताच आधीच्या ओळी पुसल्या जातात, आणि आपल्याला नेमक्या त्याच हव्या आहेत. पोस्टची ओळ शोध, तिच्यासमोरचा स्टेटसचा आकडा वाच आणि लोकेशन हेडरमध्ये कोणता पत्ता आहे तो बघ.

माझा अंदाज सांगतो. पोस्टसमोर ३०२ दिसेल आणि लोकेशनमध्ये फॉर्मचाच पत्ता असेल. लाराव्हेलमध्ये तपासणीत काही नापास झालं की तो माणसाला फॉर्मवर परत पाठवतो आणि काय चुकलं त्याचा संदेश सेशनमध्ये ठेवतो. तो संदेश पानावर छापायचं काम तुझं. ते राहिलंय, म्हणून माणसाला फक्त कोरा फॉर्म दिसतो. जुनी माहितीही पुन्हा भरून दाखवायला हवी. फाइलची जागा मात्र ब्राउझर कधीच परत भरू देत नाही, त्यामुळे ‘फोटो पुन्हा जोडा’ हे ठळक मराठीत लिही.

नापास काय होतंय? बहुधा लाल पासचा, म्हणजे गिरणीतल्या नोकरीच्या जुन्या कागदाचा, फोटो. पीएचपीत एका फाइलची मूळ मर्यादा २ एमबी असते आणि अख्ख्या पोस्टची ८ एमबी. तू घरी स्कॅन केलेली छोटी फाइल जोडून पाहिलीस; केंद्रातली माणसं फोनवर काढलेला फोटो जोडतात, तो सहज ३-४ एमबीचा होतो. म्हणजे बाकीची माहिती पोचते आणि फोटो तेवढा नाकारला जातो. समोर एनजिनएक्स असेल तर त्याची मूळ मर्यादा १ एमबीच आहे, पण ती आड आली असती तर ४१३ दिसला असता. मर्यादा वाढव, आणि पाठवण्याआधी फोनवरच फोटो लहान करायची सोय कर. अक्षरं वाचता येतील एवढाच लहान. ते कागद चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे आहेत, घड्या पडलेले, शाई उडालेली.

कामगाराचा गिरणीतला तिकीट नंबरही तपास. मराठी कीबोर्डवर लोक देवनागरी आकडे टाइप करतात आणि तुझी तपासणी फक्त इंग्रजी आकडे ओळखते. माणसाला दोष देऊ नकोस, सर्व्हरवर आकडे बदलून घे.

हे सगळं ठीक असेल तर मगच रीडायरेक्टकडे वळ. फॉर्मच्या ॲक्शनमध्ये एचटीटीपीचा जुना पत्ता असेल आणि सर्व्हर ३०१ देऊन एचटीटीपीएसकडे वळवत असेल, तर ब्राउझर पोस्टचं गेट करतो आणि भरलेली माहिती वाटेतच गळते. ३०१ आणि ३०२ च्या बाबतीत ब्राउझरांची ही सवय फार जुनी. ३०३ आणि ३०७ हे वेगळे आकडे त्याच गोंधळामुळे आले: ३०३ म्हणजे आता गेटनेच जा, ३०७ म्हणजे पोस्ट तशीच पुढे ने. ॲक्शनमध्ये पूर्ण पत्ता न देता नुसता मार्ग लिही, म्हणजे हा प्रश्नच उरत नाही.

अर्ज जमा झाला की ३०३ ने पोचपावतीच्या वेगळ्या पानावर ने. नाहीतर कोणी रिफ्रेश केलं की तोच अर्ज दुसऱ्यांदा जातो. नेट संथ असलं की माणसं बटण दोनदा दाबतात, म्हणून प्रत्येक फॉर्मला एकदाच चालणारं टोकन दे. तिकीट नंबर एकदाच यावा अशी अट डेटाबेसवर घालू नकोस. प्रत्येक गिरणीचे नंबर आपापले होते, शिवाय एकाच कामगाराचे दोन वारस येऊ शकतात.

आणि पोचपावती माहिती डेटाबेसमध्ये बसल्यावरच दाखव, आधी नाही. याबाबतीत मी तुला कसलीही सूट देणार नाही. या माणसांनी किती वाट पाहिली ते बघ. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. म्हाडाने १४ सप्टेंबर २०२३ पासून ५८ गिरण्यांच्या सुमारे दीड लाख अर्जदारांकडून घरांच्या पात्रतेसाठी कागद मागवले, तोवर संपातले कितीतरी कामगार गेले होते. आता मुलगा, सून, नात येते. तिला तुझ्या पानावर ‘अर्ज जमा झाला’ असं दिसलं आणि तो झालेलाच नसला, तर ती निर्धास्त घरी जाईल. कोरा फॉर्म परत आला तर निदान ती विचारते तरी.

केंद्राच्या वहीत आलेल्यांचे फोन नंबर आहेत, असं तू मागे म्हणाली होतीस. दुरुस्ती झाली की त्यातल्या कोणाचे अर्ज डेटाबेसमध्ये नाहीत ते काढ, आणि त्या प्रत्येकाला तू स्वतः फोन करून पुन्हा बोलाव.

तुझा,
मामा