धूळ नको, झोड हवी

प्रश्न : आम्ही सोलापूरचे, घरात तेलुगू बोलतो. समाजाच्या सभेचा तेलुगू वृत्तांत मी मराठीत करते. 'अध्यक्षांवर सभासदांनी दुम्मेत्ति पोशारु' याचं मी 'धूळ फेकली' केलं आणि गैरसमज झाला. शब्दाला शब्द ठेवणं चूक का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, तुमचा प्रामाणिकपणा खरा, पण वाक्प्रचारात अर्थ शब्दांपेक्षा प्रसंगात असतो. तेलुगूत धूळ उचलून ओतणं म्हणजे कडाडून टीका करणं. मराठीत मात्र डोळ्यांत धूळ फेकणं ही फसवणूक आणि धूळ चारणं हा पराभव. म्हणून सभासदांवरच फसवणुकीचा आरोप आला.

आधी पाहा, कोण कोणाला, कुठे बोललं. भर सभेत अनेकजण तुटून पडले, तर 'टीकेची झोड उठवली'. वडीलधाऱ्यानं बाजूला घेऊन सुनावलं, तर 'कानउघाडणी केली'. 'ताशेरे ओढले' हे न्यायालय किंवा लेखापरीक्षकांसाठी राखून ठेवा. सभासदांच्या तोंडी ते शोभत नाही. शेजारच्या कन्नडमधल्या 'तराटेगे तेगेदुकोंडरु'ला आपलं 'फैलावर घेतलं' छान जुळतं, कारण दोन्हींत समोरासमोर जाब विचारणं आहे.

जोड सापडली नाही, तर सरळ 'कडक शब्दांत टीका केली' लिहा. त्यात काही कमीपणा नाही. जपायचं एकाच ठिकाणी : टीकेचं 'शिवीगाळ' करू नका. तो वेगळा आरोप होतो आणि प्रकरण पोलिसांपर्यंत जाऊ शकतं. झालेल्या वृत्तांताला पुढच्या सभेत दुरुस्ती मांडता येते, ती जरूर मांडा.