आरोग्यविषयक संशोधनावरील खर्च आणि राज्याचे उत्पन्न



सार्वजनिक खर्चाच्या गुणक परिणामाचा अभ्यास आपण यापूर्वी केला आहे. धरण बांधले की त्याचा लाभ बहुतांशी त्याच परिसरात दिसतो. आरोग्यविषयक संशोधनावर खर्च होतो तेव्हा मात्र लाभ कोणत्या राज्याच्या पदरात पडेल, हे आधी सांगता येत नाही. पुण्याच्या उदाहरणावरून हे समजून घेऊ.

पुण्यातील राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था १९५२ मध्ये स्थापन झाली. ती भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, म्हणजेच केंद्राच्या निधीवर चालते. तेथील वेतन पुण्यातच घरभाडे, किराणा, शाळेचे शुल्क अशा रूपाने खर्च होते. हा प्रत्यक्ष परिणाम मोजण्यास सोपा आहे. म्हणूनच अहवालांत त्याला अवाजवी महत्त्व मिळते.

आता पुढचा टप्पा पाहा. २०२० मध्ये या संस्थेने वेगळा केलेला करोना विषाणू हैदराबादच्या भारत बायोटेक कंपनीकडे सोपविण्यात आला आणि त्यातून कोव्हॅक्सिन लस तयार झाली. संशोधनाचा पाया पुण्यात घातला गेला, पण उत्पादन प्रथम तेलंगणात सुरू झाले. लसीच्या विक्रीवरील स्वामित्वधन परिषदेला मिळाले. संसदेत दिलेल्या माहितीनुसार या लसीवर परिषदेचे ३५ कोटी रुपये खर्च झाले आणि जानेवारी २०२२ अखेर सुमारे १७१ कोटी रुपये स्वामित्वधन जमा झाले. जवळजवळ पाचपट! मात्र या हिशेबात प्रयोगशाळा उभी करण्यास लागलेली अनेक दशके धरलेली नाहीत, हे ध्यानात ठेवावे.

कोव्हिशील्डच्या बाबतीत उलट घडले. संशोधन ऑक्सफर्डचे, उत्पादन पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचे. मग महाराष्ट्राने संशोधनावर खर्चच कशाला करावा, असा प्रश्न तुम्हाला पडेल. त्याचे उत्तर सीरमच्या स्वतःच्या इतिहासात मिळते. पूनावाला कुटुंबाच्या अश्वपैदास केंद्रातील निवृत्त घोडे रक्तद्रव्यासाठी मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जात. परळची ही सरकारी संस्था १८९९ मध्ये प्लेगच्या संशोधनासाठी सुरू झाली होती. आपले घोडे देण्याऐवजी रक्तद्रव्य आपणच का तयार करू नये, या विचारातून १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. प्लेगच्या काळी झालेल्या सरकारी खर्चाचा हा लाभ त्या वेळच्या कोणत्याही अंदाजपत्रकात दाखविता आला नसता. अर्थशास्त्रात अशा लाभास बाह्य लाभ म्हणतात.

स्वयं-अध्ययन : आपल्या जिल्ह्यातील एखादे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निवडा. त्याच्या संशोधनावरील खर्चाचे कोणते लाभ जिल्ह्यात राहतात आणि कोणते बाहेर जातात, ते दहा ओळींत लिहा.