वैमानिक आणि नियंत्रक : रेडिओ संवादाची शिस्त

उड्डाणाच्या प्रत्येक टप्प्यावर वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रक यांना जोडणारा दुवा म्हणजे रेडिओवरील संभाषण होय. नागरी विमान वाहतुकीत त्यासाठी मुख्यतः ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील लहरी वापरल्या जातात. एका लहरीवर एका वेळी एकानेच बोलायचे असते. दोघे एकदम बोलल्यास दोघांचेही शब्द वाया जाऊ शकतात. म्हणून वैमानिकाने आधी ऐकावे, मग बटण दाबून विमानाच्या संकेतनामासह ठरलेल्या शब्दांत बोलावे, असा दंडक आहे.

या पद्धतीचा गाभा ‘रीडबॅक’ म्हणजेच पुनरुच्चार हा आहे. उंची, दिशा, वेग, धावपट्टी यांविषयीची सूचना वैमानिकाने आकड्यांसह परत म्हणून दाखवायची व नियंत्रकाने ती ताडून पाहायची. ‘रॉजर’चा अर्थ ‘संदेश पूर्ण ऐकला’ एवढाच. ‘ऐकले व तसे करतो’ यासाठी ‘विल्को’ हा वेगळा शब्द आहे. चित्रपटांनी ‘रॉजर’ला भलताच मान मिळवून दिला असला, तरी उंचीच्या सूचनेला हे उत्तर पुरत नाही.

मात्र ऐकलेला शब्द विमान हाकणाऱ्याच्या हातापर्यंत पोहोचला नाही, तर काय होते? १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरयाणातील चरखी दादरीच्या आकाशात सौदी अरेबियाचे बोइंग ७४७ आणि कझाकस्तानचे इल्युशिन ७६ यांची टक्कर होऊन दोन्ही विमानांतील सर्व ३४९ जण मृत्युमुखी पडले. दिल्लीहून निघालेल्या सौदी विमानाला १४ हजार, तर दिल्लीकडे येणाऱ्या कझाक विमानाला १५ हजार फुटांची उंची नेमून देण्यात आली होती. समोरून विमान येत असल्याची सूचनाही नियंत्रकाने कझाक विमानाला दिली होती. दिल्लीचे तेव्हाचे रडार विमानाची उंची दाखवीत नसे. त्यामुळे उंचीबाबत नियंत्रकाची सारी भिस्त रेडिओवरील शब्दावर होती. कझाक विमानात बोलण्याचे काम स्वतंत्र रेडिओ ऑपरेटरकडे होते. त्याच्यापुढे स्वतःचा उंचीमापक नव्हता. वैमानिकांची उपकरणे त्यांच्या खांद्यावरून पाहावी लागत. विमान १५ हजार फुटांच्या खाली उतरतच राहिले.

न्या. आर. सी. लाहोटी यांच्या चौकशी आयोगाने नेमून दिलेली उंची सोडल्याचा ठपका कझाक विमानावर ठेवला. इंग्रजीचे अपुरे ज्ञान आणि कॉकपिटमध्ये ठरावीक उच्चारांचा अभाव यांकडेही आयोगाने लक्ष वेधले. त्यानंतर भारतात टक्करप्रतिबंधक यंत्रणा सक्तीची करण्यात आली. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने मार्च २००८ पासून आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी भाषाप्रावीण्याच्या सहा पातळ्यांपैकी किमान चौथी पातळी आवश्यक ठरविली. भारतात वैमानिकाला रेडिओ वापरासाठी वेगळे प्रमाणपत्र लागते. दूरसंचार विभागाकडे असलेले हे काम भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ नुसार नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे आले.

परीक्षेबाहेरची शिस्त कॉकपिटमध्ये पाळली जाते. नवी उंची मिळाली की एक वैमानिक ती यंत्रावर लावतो आणि दुसरा ती पाहून मोठ्याने म्हणतो. ती गाठण्यास हजार फूट उरले की पुन्हा तसाच उच्चार होतो.