खडकातला वायू आणि दिलेला शब्द



एखाद्या देशाने प्रदूषण घटवण्याचा शब्द दिला आणि त्याच वेळी जमिनीतून नवा वायू काढायला घेतला, तर तो शब्द मोडतो का? हा प्रश्न ब्रिटनपुढे उभा राहिला. आज आपण तो समजून घेऊ या.

शेल वायू म्हणजे काय?

शेल हा पापुद्र्यांचा खडक. त्यात नैसर्गिक वायू अडकलेला असतो. खोल विहीर खणून पाणी, वाळू व रसायने प्रचंड दाबाने आत सोडतात. खडकाला भेगा पडतात आणि वायू वर येतो.

शब्द कोणता?

ब्रिटनने २००८ साली हवामान बदल कायदा केला. हरितगृह वायूंचे उत्सर्जन २०५० पर्यंत १९९० च्या तुलनेत ८० टक्क्यांनी घटवायचे होते. २०१९ साली हे उद्दिष्ट 'निव्वळ शून्य' असे केले गेले. आपण घरखर्चाची मर्यादा आखतो, तशी तिथे दर पाच वर्षांसाठी उत्सर्जनाची मर्यादा आखली जाते.

दोन्ही जुळते का?

वीजनिर्मितीत वायू जाळल्यास कोळशाच्या सुमारे निम्माच कार्बन डायऑक्साइड निघतो, हे खरे. परंतु ब्रिटनने कोळशावरचे शेवटचे वीजकेंद्र २०२४ साली बंद केले. शिवाय हा वायू मुख्यतः मिथेन असतो. तो न जळता गळाला, तर वीस वर्षांच्या काळात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट उष्णता अडवतो.

सरकारला सल्ला देणाऱ्या हवामान समितीने २०१६ साली तीन अटी सांगितल्या:

१. विहिरींतील गळतीवर कडक नियंत्रण हवे.
२. देशातील वायूचा वापर ठरलेल्या मर्यादेतच राहावा.
३. उत्खननामुळे वाढलेले उत्सर्जन दुसरीकडे कपात करून भरून काढावे.

या अटी पाळल्या नाहीत, तर मोठ्या प्रमाणावरचे उत्खनन उद्दिष्टाशी जुळणार नाही, असे समितीने स्पष्ट केले. तिसरी अट सर्वांत अवघड. कारण एकाने वाढवलेला खर्च दुसऱ्याला पोट आवळून भरावा लागतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये लँकशायर परगण्यात उत्खननामुळे २.९ तीव्रतेचा भूकंप झाला आणि नोव्हेंबरमध्ये इंग्लंडने काम थांबवले. सप्टेंबर २०२२ मध्ये बंदी उठली, ऑक्टोबरमध्ये पुन्हा आली. म्हणजे काम थांबले ते भूकंपाच्या भीतीने. उत्सर्जनाचा हिशेब बाजूलाच राहिला.

चर्चेसाठी: भारताने २०२१ साली ग्लासगो येथे २०७० पर्यंत निव्वळ शून्य गाठण्याचे जाहीर केले. नवे इंधन हाती आले, तर जुने किती बंद करायचे, हे आधी ठरवायला नको का?