आधी भिंत ओळखा

मुंबईला दूरदर्शनचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या काळचा दूरदर्शन संच म्हणजे एक मोठी पेटीच होती. तो जड आणि मागे खोल असे, म्हणून तो टेबलावर ठेवत. आजचा संच पाटीसारखा सपाट आहे. त्यामुळे पुष्कळ घरांत तो दिवाणखान्याच्या भिंतीवर बसवतात.

सपाट म्हणजे हलका, असे मात्र समजू नका. ५५ इंची संच एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंत सुमारे १४० सेंटिमीटर असतो. त्याचे वजन साधारणपणे १५ ते २० किलोग्रॅम भरते. पाण्याने काठोकाठ भरलेली मोठी बादली घ्या. तेवढे ओझे रात्रंदिवस भिंतीवर लटकत राहणार आणि त्याखाली तुमची लहान भावंडे खेळणार! हे ओझे कोण सांभाळते? पेच, असे तुम्ही म्हणाल. पण पेच स्वतः भिंतीला धरून असतो. खरे ओझे भिंत सांभाळते. म्हणून आधी भिंत ओळखली पाहिजे.

बांदा हे तेरेखोल नदीच्या काठचे गाव. आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात जांभा दगड विपुल आहे. खाणीतून चौकोनी कापून काढलेल्या जांभ्याला आपण चिरा म्हणतो. फ्रान्सिस बुकानन या इंग्रज अमलातील अधिकाऱ्याने मलबार भागात हाच दगड पाहिला. लोक तो विटेसारखा कापून घरे बांधत. लॅटिन भाषेत विटेला 'लेटर' म्हणतात. त्यावरून १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने या दगडाला 'लॅटेराइट' असे नाव दिले. ताजा कापलेला चिरा मऊ असतो. उन्हावाऱ्यात तो कठीण होतो. तरी त्याच्या अंगात लहानमोठी भोके राहतातच.

गिलावा आणि रंग झाल्यावर सगळ्या भिंती सारख्याच दिसतात. मग त्या ओळखायच्या कशा? बोटांनी ठोकून पाहा. चिऱ्याची किंवा विटांची भिंत 'ठक्' असा भरीव आवाज देते. प्लायवुडचे पार्टिशन पोकळ वाजते. घर कोणी व कशाने बांधले, हे दादाजानना किंवा गवंड्याला विचारा. छिद्र पाडताना पडणारा भुगाही पाहा. पहिले दीड-दोन सेंटिमीटर सिमेंटचा करडा भुगा येतो. तो गिलावा असतो. त्यानंतर तांबूस-पिवळा भुगा आला, तर आत चिरा आहे, असा अंदाज करता येतो. गिलाव्याच्या थराला ओझे पेलत नाही. पेचाची पकड त्याच्या मागच्या दगडात किंवा विटेत हवी.

काँक्रीटमध्ये पोलादी अँकर बोल्ट उत्तम बसतो. तो छिद्रात फुगतो आणि घट्ट धरतो. मऊ चिऱ्यात मात्र फुगणारा बोल्ट दगडच फोडतो. तेथे प्लॅस्टिकची लांब खुंटी वापरतात किंवा छिद्रात रासायनिक मिश्रण भरून बोल्ट बसवतात. ते मिश्रण पूर्ण घट्ट होईपर्यंत बोल्टवर वजन देऊ नये. आणखी एक साधी युक्ती आहे. जाड, मजबूत फळी अनेक चिऱ्यांवर आडवी बसवावी आणि ब्रॅकेट त्या फळीवर लावावे. मग ओझे एका दगडावर न पडता अनेक दगडांत वाटले जाते. छिद्र चिऱ्याच्या मधोमध असावे. दोन चिऱ्यांच्या सांध्यात पेच ढिला पडतो. ड्रिल मशीन हातोड्यासारखे ठोके देत न चालवता नुसते फिरवावे, म्हणजे छिद्र मोठे होत नाही. मातीच्या जुन्या भिंतीवर मोठा संच टांगूच नये. तो रुंद व ठेंगण्या टेबलावर ठेवावा आणि टेबलाला पट्ट्याने बांधावा.

आता थोडे गणित करू. काही ब्रॅकेटना पुढे ओढता येणारा हात असतो. समजा, संच १६ किलोग्रॅमचा आहे आणि तो भिंतीपासून ५ सेंटिमीटरवर आहे. वरच्या आणि खालच्या पेचांत २० सेंटिमीटर अंतर आहे. वरच्या पेचांना बाहेर ओढणारे बल १६ × ५ ÷ २० = ४ किलोग्रॅम वजनाइतके होते. तोच संच ५० सेंटिमीटर पुढे ओढला, तर हे बल १६ × ५० ÷ २० = ४० किलोग्रॅम वजनाइतके होते. संच तोच, पेच तेच. ओढ मात्र दहापट! विज्ञानात याला बलाचे आघूर्ण म्हणतात. म्हणून चिऱ्याच्या भिंतीला चिकटून बसणारे ब्रॅकेटच बरे.

भिंत घराच्या आतली निवडावी. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. बाहेरच्या भिंतीवर त्याचा मारा होतो, ओल आत येते आणि पेच गंजतात. न्हाणीघराला लागून असलेली भिंतही टाळावी, कारण तिच्यातून पाण्याचे नळ गेलेले असतात. विजेच्या बटणांच्या पाटीच्या सरळ वर, खाली किंवा बाजूला छिद्र पाडू नये. तेथे भिंतीच्या आत २३० व्होल्टच्या तारा असण्याचा संभव असतो. छिद्र पाडण्यापूर्वी त्या भिंतीतील तारांचा वीजपुरवठा मुख्य पेटीतून बंद करावा. ड्रिल मशीनसाठी दुसऱ्या खोलीतून वीज घ्यावी.

संचाचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर यावा. जमिनीपासून १०० ते ११० सेंटिमीटर ही उंची पुरेशी आहे. ब्रॅकेट पाणसळ लावून सरळ करावे. मग एका मोठ्या माणसाने ते दोन्ही हातांनी जोराने खाली व बाहेर ओढून पाहावे. ते थोडे जरी हलले किंवा भुगा गळला, तर संच टांगू नये. संच दोघांनी कडांना धरून उचलावा. पडद्यावर दाब देऊ नये. दर पावसाळ्यानंतर पेच पुन्हा तपासावेत.

मित्रांनो, हे काम जाणकार मिस्त्रीचे आहे. ड्रिल मशीन तुम्ही हातात घेऊ नका. पण मिस्त्री घरी आले, की त्यांना अदबीने विचारा, "चाचा, ही भिंत कशाची आहे? आत तारा कुठून गेल्या आहेत? पेच दगडात किती खोल गेला?" चांगल्या कारागिराला अशा प्रश्नांचा राग येत नाही. कोणी घाईत असेल, तर तुमच्या प्रश्नाने तो थांबेल. त्या क्षणभर थांबण्याने तुमच्या धाकट्या बहिणीचा जीव वाचू शकतो.

शब्दार्थ
गिलावा – भिंतीवरील लेप, पलस्तर
ओल – दमटपणा, नमी
भुगा – चूर्ण, बुरादा
पाणसळ – सपाटी पाहण्याचे साधन
विपुल – पुष्कळ, भरपूर

स्वाध्याय
१. संचाचे ओझे खरोखर कोण सांभाळते? कसे?
२. चिऱ्याच्या भिंतीत छिद्र कोठे पाडावे? का?
३. संच २० किलोग्रॅमचा आहे व भिंतीपासून ४० सेंटिमीटरवर आहे. पेचांतील अंतर २० सेंटिमीटर आहे. वरच्या पेचांवरील ओढ काढा.
४. 'पेच', 'वजन', 'दिवाणखाना' हे शब्द मराठीत आणि उर्दूतही आहेत. असे आणखी पाच शब्द लिहा.
५. तुमच्या घरातील एक भिंत ठोकून पाहा. ती कशाची आहे, ते वडीलधाऱ्यांना विचारून पाच वाक्ये लिहा.